क्वांटम कंपायलरला काय कळतं आणि आपण त्याला काय सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नेहमीच्या प्रोसेसरसाठी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारं साधन, लिहिण्याचं काम करतात, दहा-एक वर्षं त्यात गेली आहेत, आणि आता क्वांटमकडे वळावं का या विचारात आहेत. त्यांचं म्हणणं: "सी मधला प्रोग्रॅम जीसीसी कंपायलरकडे दिला की मशीनचा विचार आपण सोडून देतो. क्वांटमवाले मात्र प्रोग्रॅममधला कुठला क्युबिट (क्वांटम बिट) चिपवर कुठे बसवायचा हे अजून हाताने ठरवताना दिसतात. हे काम पूर्ण स्वयंचलित का होत नाही? आणि दोन-चार वर्षांत एआय ते करून टाकणार असेल, तर मी आता शिकून उपयोग काय?"

सुरुवातीलाच सांगते: तुम्ही पाहिलेली मंडळी क्युबिट हाताने बसवत असतील तर त्यातली निम्मी तरी सवयीने बसवत आहेत, गरजेने नाही. या कामाचा मोठा भाग केव्हाच यंत्राकडे गेलेला आहे. अडलंय ते दुसरीकडेच. तिथे यायच्या आधी जे सुटलेलं आहे ते भराभर सांगून टाकते.

गेटचं भाषांतर सुटलेलं आहे. गेट म्हणजे क्युबिटवरची एक क्रिया, आणि अशा क्रियांची मालिका म्हणजे सर्किट, क्वांटमचा प्रोग्रॅम. तुम्ही सर्किटात काहीही लिहा, चिपला मोजकेच गेट येतात. आयबीएमच्या ईगल चिपला दोन क्युबिटचा ईसीआर नावाचा गेट येत होता, नंतरच्या हेरॉनला सीझेड येतो. क्वांटिन्युअम कंपनीच्या आयन-सापळ्याच्या (आयन क्युबिट म्हणून वापरणाऱ्या) मशीनचा गेट आणखी वेगळा. दोन क्युबिटवरचा कुठलाही गेट जास्तीत जास्त तीन सीनॉटमध्ये (सीनॉट हा दोन क्युबिटचा सगळ्यात ओळखीचा गेट) बसतो हे गणिताने सिद्ध आहे, आणि कंपायलर ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. इथे माणसाने लुडबुड करू नये.

फॉल्ट-टॉलरंट, म्हणजे चुका दुरुस्त करत चालणाऱ्या यंत्रांचं भाषांतर तर त्याहून सुंदर सुटलेलं आहे. अशा यंत्रावर मनाला येईल त्या कोनातून फिरवणारा गेट मिळत नाही. क्लिफर्ड नावाचे काही ठरावीक गेट आणि एक टी गेट एवढ्यावर संसार करावा लागतो. मग ०.३ रेडियनचं फिरवणं आणायचं कुठून? सोलोवे-किताएव्ह प्रमेयाने १९९० च्या दशकात दाखवलं की हवं तितकं जवळचं उत्तर मर्यादित लांबीच्या माळेत मिळतं. पुढे २०१४ साली रॉस आणि सेलिंजर यांनी झेड अक्षाभोवतीच्या फिरवण्यासाठी इतकी चांगली रीत दिली की चूक दहा अब्जांत एक इतकी कमी हवी असेल तरी सुमारे १०० टी गेट पुरतात. ती शंभर मण्यांची माळ कुणी हाताने ओवत नाही, ओवूही शकणार नाही.

आता मांडणी (कुठला क्युबिट कुठे) आणि राउटिंग (त्यांना एकमेकांपर्यंत नेणं). ज्या कामासाठी माणसं अजून डोकं धरून बसतात ते हे. आयबीएमच्या ईगल आणि हेरॉन चिपवर क्युबिटची जाळी अशी असते की एका क्युबिटला जास्तीत जास्त तीन शेजारी. दोन क्युबिटचा गेट फक्त शेजाऱ्यांत होतो. लांबच्यांना भेटवायचं तर मध्ये स्वॅप, म्हणजे दोन शेजाऱ्यांची अदलाबदल, घालून त्यांना सरकवत आणायचं, आणि एका स्वॅपचे तीन सीनॉट होतात. पंगतीत ज्यांना एकमेकांशी बोलायचंय त्यांना जवळ बसवण्यासारखंच हे, फक्त दर वाढणीला बोलणाऱ्या जोड्या बदलतात. तीन क्युबिटचा टोफोली गेट एरवी सहा सीनॉटमध्ये होतो. तिघेही एका रांगेत असले तर आठ लागतात, आणि या जाळीत त्रिकोण नसल्यामुळे ते रांगेतच असणार.

२० क्युबिटचं सर्किट १२७ क्युबिटच्या चिपवर किती तऱ्हांनी बसवता येईल? एकावर एकेचाळीस शून्यं, त्याहूनही जास्त. हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे नेमकं सर्वोत्तम उत्तर काढायचा नाद मोठ्या सर्किटसाठी सोडावा लागतो. लोक अंदाजी रीती वापरतात. त्यातली सगळ्यात रुळलेली सेबर. २०१९ साली ली, डिंग आणि शिए यांनी मांडली. तिच्यातली एक युक्ती मला अजून आवडते. सर्किट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहायचं, शेवटी क्युबिट जिथे पोचले तीच मांडणी घेऊन सर्किट उलटं चालवायचं, आणि परत सुरुवातीला आल्यावर जी मांडणी हाती लागते तिथून खरं काम सुरू करायचं. सर्किट उलटं फिरवता येतं हा क्वांटमचा गुणधर्म. तो इथे किती साधेपणाने वापरला आहे पाहा. जीसीसीत रजिस्टर वाटताना तुम्हाला ही चैन नव्हती.

सेबरमध्ये यादृच्छिकपणा आहे, त्यामुळे वेगळं बीज (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) दिलं की वेगळं सर्किट येतं. एकदाच चालवून आलेल्या उत्तरावर समाधान मानणारे लोक मी पाहते तेव्हा हळहळ वाटते. शंभर बीजं द्या, सगळ्यात कमी चुकीचं उत्तर ठेवा. संगणकाचा वेळ स्वस्त आहे, क्युबिटचा नाही.

तरीही या अंदाजी रीती सर्वोत्तमापासून किती लांब आहेत हे कळावं म्हणून अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातल्या टॅन आणि काँग यांनी २०२० साली उलटा डाव टाकला. ज्यांचं सर्वोत्तम उत्तर आधीच माहीत आहे अशी सर्किटं त्यांनी मुद्दाम रचली आणि त्या वेळच्या कंपायलरना दिली. मोठ्या चिपवर निकाल कित्येक पटींनी वाईट आले. त्यानंतर रीती सुधारल्या आहेत, पण या निकालावरून बऱ्याच जणांनी काढलेला अर्थ, की शोध अजून हुशार केला की काम झालं, मला अर्धाच पटतो. उरलेला अर्धा भाग एका लहान उदाहरणातून दाखवते. कागद-पेन्सिल घ्या.

चार क्युबिट: अ, ब, क, ड. एका रांगेत बसलेत, फक्त शेजाऱ्याशी बोलता येतं. क्यूएओए या सर्वोत्तम पर्याय शोधायच्या क्वांटम पद्धतीच्या सर्किटात एका थरात प्रत्येक जोडीमध्ये झेडझेड नावाचा एक दोन-क्युबिट गेट हवा आहे. जोड्या सहा. एका झेडझेडला दोन सीनॉट लागतात, म्हणजे सगळे सगळ्यांना जोडलेले असते तर १२ सीनॉटमध्ये भागलं असतं.

आपण हे लिहितो कसं? एकात एक दोन फॉर-लूप. त्यातून क्रम येतो अब, अक, अड, बक, बड, कड. अ-ब-क-ड या रांगेवर याच क्रमाने सरळ चालत गेलात तर मध्ये किमान चार स्वॅप घालावे लागतात. चार त्रिक बारा, अधिक बारा, झाले २४.

आता दोन गोष्टी वापरू. पहिली: झेडझेड गेटचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, त्यामुळे फॉर-लूपचा क्रम पाळायचं बंधन नाहीच. दुसरी: एकाच जोडीवर झेडझेड आणि स्वॅप लागोपाठ आले तर दोन्ही मिळून एकच दोन-क्युबिट गेट होतो, आणि असा कुठलाही गेट तीन सीनॉटमध्ये बसतो. दोन आणि तीन पाच होत नाहीत, तीनच राहतात. म्हणजे जिथे झेडझेड करायचाच आहे तिथे अदलाबदल एका जादा सीनॉटात पदरात पडते.

तर आधी अब आणि कड उरकून घ्या, दोन-दोन सीनॉट, झाले चार. मग बक करा आणि त्यातच दोघांची अदलाबदल: तीन. रांग झाली अ-क-ब-ड. आता अक आणि बड शेजारी आले. दोन्ही करा, दोन्हींत अदलाबदल, तीन-तीन सहा. रांग झाली क-अ-ड-ब. उरली अड, ती मधोमध शेजारीच आहे: दोन. एकूण १५. सगळे जोडलेले असण्याच्या आदर्श आकड्यापेक्षा फक्त तीन जास्त. शेवटी क्युबिट मूळ जागी नाहीत, पण त्यांना परत आणत बसायचं नाही. मोजताना कुठल्या जागी कोण आहे एवढं लिहून ठेवायचं.

२४ आणि १५ मधला फरक दिसायला किरकोळ आहे. दोन-क्युबिट गेटची चूक ०.५ टक्के धरा आणि असे दहा थर लावा: २४० गेट विरुद्ध १५०. एकही चूक न होता सर्किट पार पडण्याची शक्यता पहिल्यात ३० टक्के, दुसऱ्यात ४७.

मग कंपायलर हे स्वतः का करत नाही? कारण त्याच्या हातात पडेपर्यंत झेडझेड उरलेलाच नसतो. कुठल्या तरी लायब्ररीने त्याचे आधीच तुकडे केलेले असतात: एक सीनॉट, एक आरझेड (एकाच क्युबिटला फिरवणारा गेट), परत एक सीनॉट. तुकड्यांच्या पातळीवर पाहिलं तर शेजारच्या दोन सीनॉटचा क्रम सहसा बदलता येत नाही. म्हणून कंपायलर इमानदारीने लिहिलेला क्रम पाळतो आणि त्या क्रमासाठी चांगले स्वॅप शोधतो. शोध कितीही हुशार असो, चुकीच्या प्रश्नाचंच उत्तर सापडणार.

या क्षेत्रातल्या स्वयंचलनाची खरी अडचण ही आहे, असं माझं मत. आपण अर्थ फेकून देतो आणि मग कंपायलरने तो हुडकून काढावा अशी अपेक्षा करतो. १९५७ साली आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान बाहेर काढलं तेव्हाही लोकांची शंका हीच होती, की हाताने लिहिलेल्या कोडशी यंत्राने काढलेला कोड बरोबरी करेल का. केली. पण फोरट्रानच्या कंपायलरला सूत्र सूत्र म्हणूनच मिळत होतं आणि लूप लूप म्हणून. नावातच फॉर्म्युला ट्रान्सलेशन आहे. त्याऐवजी कुणी असेंब्ली हातात ठेवून म्हटलं असतं, "यातून मूळ सूत्र ओळख आणि परत चांगली असेंब्ली दे," तर बॅकसनीही हात जोडले असते. क्वांटम कंपायलरला आपण रोज हेच सांगतो.

अर्थ हरवण्याचा दुसरा प्रकार म्हणजे सवलत न सांगणं. २० क्युबिटचं क्वांटम फूरिए रूपांतर घ्या, बऱ्याच क्वांटम प्रोग्रॅममध्ये येणारा हा एक भाग. त्यात प्रत्येक जोडीला एक असे, ठरावीक कोनातून फिरवणारे नियंत्रित फेज गेट १९०. जोडीतलं अंतर वाढेल तसा कोन निम्मा होत जातो आणि सगळ्यात लहान कोन रेडियनचा सुमारे सहा दशलक्षांश असतो. तेवढं फिरवण्यासाठी ०.५ टक्के चुकीचा गेट चालवणं म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. सहापेक्षा जास्त अंतराचे गेट सरळ गाळले तर १९० पैकी ९९ उरतात. ही युक्ती जुनी आहे, कॉपरस्मिथ यांनी १९९४ सालीच दाखवलेली. पण कंपायलर ती आपणहून करणार नाही, कारण दिलेल्या सर्किटाचा अर्थ न बदलता राखणं हा त्याचा करार. "एवढी चूक चालेल" अशी सूट द्यायची खिट्टी काही कंपायलरमध्ये असते. ती फिरवायची आपणच. तसंच त्या रूपांतराच्या शेवटचे स्वॅप: लगेच मोजणार असाल तर ते करायचेच नसतात, फक्त उत्तराचे बिट उलटे वाचायचे.

उलट बाजूही सांगते, म्हणजे कंपायलर बिचारा मठ्ठ आहे असा समज नको. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मशीनची चाचणी करत होतो. रीत नेहमीची: एक सर्किट चालवायचं, लगेच त्याचं उलट सर्किट चालवायचं, आणि सगळे क्युबिट शून्यावर परत आले का ते पाहायचं. जितके कमी परततील तितकं मशीन वाईट. पहिल्याच दिवशी निकाल इतके स्वच्छ आले की कुणीतरी चहा मागवला. मी कंपाइल झालेलं सर्किट उघडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. सर्वोच्च पातळीचं ऑप्टिमायझेशन लावलेलं, कंपायलरने ओळखलं की गेट आणि उलट गेट मिळून शून्य, आणि सगळं पुसून टाकलं. आम्ही क्युबिट शून्यावर ठेवून शून्य मोजत होतो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दोन भागांमध्ये बॅरियर घालून "इथून पलीकडे पाहू नकोस" हे सांगायचं आम्ही विसरलो होतो. चहा प्यायला मात्र सगळ्यांनी.

जीसीसीच्या जगातून आलेल्याला अजून एका गोष्टीची सवय करावी लागते. तिथे बनवलेली बायनरी वर्षानुवर्षं चालते. इथे कंपाइल केलेलं सर्किट दुधासारखं नासतं. काल ज्या जोडीचा गेट चिपवर सगळ्यात चांगला होता तो आज रात्रीतून बिघडलेला असू शकतो, आणि मशीनचं कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा होतच असतं. चुकांचे ताजे आकडे पाहून मांडणी निवडणारे पास, म्हणजे कंपायलरमधले टप्पे, आहेत आणि ते उत्तम चालतात. माणसाने "मला ३७ ते ४२ हे क्युबिट आवडतात" म्हणत हट्ट धरायची गरज यांनी खरोखर संपवली. पण रांगेत प्रोग्रॅम लावून ठेवलात आणि तो दुसऱ्या दिवशी चालला, तर निवड कालच्या आकड्यांवर झालेली असते. याचं पूर्ण उत्तर कंपायलरमध्ये नाही, तो आणि मशीनची रांग यांनी एकमेकांशी बोलण्यात आहे, आणि ते काम बरंच बाकी आहे.

मशीनचा प्रकार बदलला की प्रश्नही जागा बदलतो. आयन-सापळ्यात कुठलाही क्युबिट कुठल्याहीशी भेटवता येतो, म्हणून वरची सगळी स्वॅपची कसरत जवळपास नाहीशी होते. तिच्याऐवजी आयन कधी, कुठून, कुठे न्यायचे याचं वेळापत्रक येतं. तटस्थ अणूंच्या यंत्रात लेझरच्या चिमट्यांनी अणू हलवतात, तिथे कंपायलर म्हणजे वाहतूक पोलीसच. तुमचा शेड्युलिंगचा अनुभव या दोन्ही ठिकाणी सोन्यासारखा आहे, हे लक्षात ठेवा.

आता एआय. रिइन्फोर्समेंट लर्निंगने (करून पाहत, चुकत शिकण्याच्या रीतीने) सर्किटचे लहान तुकडे नव्याने रचणारे पास आयबीएमने आणले आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. गूगल डीपमाइंडच्या अल्फाटेन्सर-क्वांटमने २०२४ साली टी गेटची संख्या कमी करण्याच्या कामात भल्याभल्यांना मागे टाकलं. सांत क्षेत्रांतल्या (मर्यादित संख्यांच्या गणितातल्या) गुणाकारासाठी त्याला करात्सुबाच्या कमी गुणाकारांत भागवणाऱ्या रीतीसारखी काटकसर आपली आपण सापडली, हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले होते. पण ही सगळी साधनं ठरवून दिलेल्या प्रश्नात शोध घेतात. तो प्रश्न नीट मांडून देणं, म्हणजे काय बदललं तरी चालेल, काय अजिबात चालणार नाही, किती चूक खपवून घ्यायची, हे अजून बाहेरून यावं लागतं. भाषा-मॉडेलकडून सर्किट लिहून घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की चार-पाच क्युबिटच्या लहान रूपावर आधी आणि नंतरचं सर्किट एकच आहे ना हे तपासा. त्यासाठी साधनं आहेत, वेळ सेकंदाचा. सगळ्यात जास्त चुका मी बिटच्या क्रमात पाहिल्या आहेत: आयबीएमच्या किस्किट या क्वांटम लायब्ररीत शून्य क्रमांकाचा बिट सगळ्यात उजवीकडे लिहितात, पुस्तकांत बहुधा डावीकडे.

तर शिकून उपयोग आहे का? आहे, पण तुम्ही समजता तिथे नाही. सेबरपेक्षा दोन टक्के चांगला राउटर लिहिण्यात आयुष्य घालवू नका, तिथे गर्दी आहे. सर्किट तुकडे होऊन खाली येण्याच्या आधीची पातळी रिकामी आहे: क्रमनिरपेक्ष गेटचा गट गट म्हणून, फूरिए रूपांतर रूपांतर म्हणून, उसना घेतलेला क्युबिट स्वच्छ परत येणार आहे हे वचन म्हणून खालपर्यंत पोचवणारं मधलं रूप. तुम्ही एलएलव्हीएममध्ये, म्हणजे कंपायलर बांधायच्या त्या संचात, काम केलं असेल तर हे वेगळं समजवायला नको. मायक्रोसॉफ्टचं क्यूआयआर हे मधलं रूप एलएलव्हीएमवरच उभं आहे, एनव्हिडियाचं कुडा-क्यू एमएलआयआर या त्याच्याच भावंडावर. अर्ध्याहून जास्त कोड तुम्हाला ओळखीचा वाटेल.

पुण्यात आहात तर आणखी एक. डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा पुण्यातच आहे. तिने मुंबईच्या टीआयएफआरबरोबर केलेल्या सहा क्युबिटच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी २०२४ साली पूर्ण झाली. त्यावर क्लाउडवरून सर्किट पाठवायची सोय टीसीएसच्या मदतीने केलेली आहे. सहा क्युबिट ऐकून नाक मुरडू नका. मांडण्या फक्त ७२०. इतक्या लहान यंत्रासाठी मांडणीचा अंदाज लावायची गरजच नाही, सॅट सॉल्व्हर हे नेमका शोध घेणारं साधन लावून नेमकं सर्वोत्तम उत्तर काढता येतं. अंदाजी रीत किती चुकते ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर शिकण्यासाठी याहून चांगला आकार नाही.

या आठवड्यात करायचंच असेल तर वरचं चार क्युबिटचं उदाहरण किस्किटमध्ये दोनदा लिहा, एकदा फॉर-लूपच्या क्रमाने आणि एकदा पंधरा सीनॉटच्या क्रमाने. रांगेची जोडणी द्या, सर्वोच्च पातळी लावा, शंभर बीजं फिरवा आणि दोन-क्युबिट गेट मोजा. पहिलं सर्किट पंधरापर्यंत उतरतं का, आणि झेडझेड अखंड दिला की फोडून दिला यावर त्यात काय फरक पडतो, ते एका वहीत लिहून ठेवा. सोबत किस्किटची आवृत्तीही लिहा, कारण पुढच्या आवृत्तीत आकडा बदललेला असेल.